पाण्याचं एटीएम मागवण्याआधी

(सेवाकार्याच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले दोन महिने आपल्या सर्वांच्या मोबाईलवर एक फोटो फिरतो आहे. निळ्या रंगाचं, कपाटाएवढं यंत्र, वर मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध पाणी’, खाली तोटी, बाजूला नाणं टाकायची फट. पारधी वस्तीवर असं एक यंत्र बसवायचं, नाताळच्या आत बसवायचं आणि त्यासाठी आज या सभेत रक्कम मंजूर करायची, असा विषय आहे. पाण्याच्या कामात माझी चौतीस वर्षं गेली म्हणून कमिटीने मला बोलायला सांगितलं. मी या यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचा अर्धा तास तुम्हाला तसं वाटण्याची शक्यता आहे.

पाण्याचं दुःख सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या जिल्ह्यात उजनी आहे. 117 टीएमसीचं धरण, राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. तिथून शहरापर्यंत शंभर किलोमीटरहून लांब पाईपलाईन आहे. शिवाय टाकळीहून पाणी येतं, हिप्परग्याचा 1871 सालचा तलाव आहे. आणि तरी नळाला पाणी कधी येणार हे विचारायला आपण शेजारणीकडे जातो, चार-चार पाच-पाच दिवसांचं पाणी भरून ठेवतो. उजनीत येणारं पाणी पुण्याच्या मुळा-मुठेचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन येतं, हेही आता लपून राहिलेलं नाही. म्हणून घरोघरी वीस लिटरचा जार आला. लग्नात जार, प्रार्थनासभेत जार, मयतीतसुद्धा जार. जारचं पाणी म्हणजे चांगलं पाणी असं आपण धरून चाललो आहोत, आणि आपल्याला जे चांगलं वाटतं तेच वस्तीला द्यावं, ही भावना चांगलीच आहे.

आता वस्तीकडे चला. आपल्यापैकी जे नाताळचे कपडे वाटायला गेले असतील त्यांनी पाहिलंय. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, गायरानात, साठेक घरं. एक बोअर, त्यावर हातपंप. पाणी सवळ. भांड्यावर पांढरा थर बसतो, तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा दाणा वेगळा राहतो, साबणाला फेस येत नाही. बायका पिण्यापुरतं पाणी गावाजवळच्या एका विहिरीवरून आणतात. मालकाचा मूड चांगला असेल त्या दिवशी. पावसाळ्यात मुलांना जुलाब होतात. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून यंत्राची घाई करणाऱ्या तरुणांचा मला राग येत नाही.

पण पहिला प्रश्न मी असा विचारतो की त्या पाण्यात नेमकं काय वाईट आहे? क्षार जास्त आहेत, का जंतू आहेत, का दोन्ही? कारण औषध त्यावर ठरतं.

यंत्र विकणारे गृहस्थ मागच्या महिन्यात आपल्या हॉलमध्ये आले होते. त्यांनी दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, एकात त्यांचं. दोन्हींत वायर लावलेल्या कांड्या बुडवल्या आणि बटण दाबलं. नळाच्या पाण्यात तपकिरी, काळपट गाळ उसळला, त्यांचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं. आपल्या महिला मंडळाने तोंडाला पदर लावला. बंधुभगिनींनो, तो गाळ पाण्यातला नव्हता. तो कांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की कांडी झिजते आणि लोखंड पाण्यात उतरतं. ज्या पाण्यातून क्षार काढले आहेत त्यात वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. तुम्ही उत्तम, पिण्यायोग्य पाणी घेतलं तरी त्या प्रयोगात ते काळं होईल. हा खेळ देशभर चालतो. पुढच्या वेळी कोणी हा प्रयोग केला तर हसून चहा पाजून पाठवा.

दुसरं त्यांचं हत्यार म्हणजे खिशातलं पेन, टीडीएस मीटर. ते खोटं नाही, पण ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचा एक थेंब पडलेल्या पाण्यालाही ते शाबासकी देईल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत. नायट्रेट 45 च्या वर नको. फ्लोराईड 1 पर्यंत, फार तर दीड. आणि ई-कोलाय नावाचा जंतू, जो माणसा-जनावरांच्या विष्ठेतून येतो, तो शंभर मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. तिथे ‘चालवून घ्या’ अशी सवलत नाही.

हे सगळं तपासायला जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. मी पेन घेऊन वस्तीवर गेलो होतो. आकडा हजाराच्या बराच पुढे होता. म्हणजे क्षार आहेत हे नक्की. नायट्रेट किती, फ्लोराईड किती, जंतू आहेत का, हे मला माहीत नाही, यंत्रवाल्यांना माहीत नाही, आणि तरी कोटेशन मात्र तयार आहे.

समजा जंतूच जास्त निघाले. तर त्यावर उपाय यंत्राहून फार स्वस्त आहे आणि तो उद्यापासून करता येतो. ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर असते, आरोग्य उपकेंद्रात मेडिक्लोरची बाटली मिळते. जलसुरक्षक विहिरीत पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. पारधी वस्तीच्या हातपंपावर आणि हंड्यांत हे शेवटचं कधी झालं, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलं नाही. यंत्र यायला सहा महिने लागोत, मेडिक्लोर यायला सहा महिने लागायचं कारण नाही. मुलांचे जुलाब कोटेशनची वाट पाहत थांबणार नाहीत.

नायट्रेट निघालं तर मात्र क्लोरीनने भागत नाही, आणि उकळूनही नाही. उकळल्यावर पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं, उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. तिथे यंत्राला पर्याय नाही. म्हणून तपासणी आधी.

आता यंत्र करतं काय ते सांगतो. पंढरपूरचे बेदाणे रात्री पाण्यात टाकले की सकाळी टम्म फुगतात. पाणी सालीतून आत शिरतं, कारण आत गोडी जास्त, बाहेर नुसतं पाणी. पाण्याचा स्वभावच असा की पातळाकडून दाटाकडे जायचं. आरओ यंत्रात हा स्वभाव उलटा फिरवतात. खाऱ्या पाण्यावर पंपाने जोरात दाब द्यायचा आणि ते एका बारीक पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, पलीकडे ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. पडद्याआधी वाळूचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, शेवटी जंतूंसाठी यूव्हीचा दिवा. यंत्र एवढंच. नाणं टाकायची फट, आवाज, दिवे, ही सगळी दुकानदारी.

यातल्या तीन गोष्टी जाहिरातीत नसतात.

पहिली, जे क्षार अलीकडे राहतात ते बाहेर टाकायला पाणीच लागतं. अशा लहान यंत्रात दोन हंडे घातले की साधारण एक हंडा गोडं पाणी मिळतं आणि एक हंडा आधीपेक्षा दुप्पट खारं होऊन बाहेर पडतं. साठ घरांना रोज वीस-वीस लिटर द्यायचे तर 1,200 लिटर झाले. त्यासाठी बोअरमधून 2,400 लिटर काढावे लागतील आणि 1,200 लिटर दाट खारं पाणी रोज कुठेतरी सोडावं लागेल. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली याच नासाडीवर बोट ठेवलं आणि जिथे क्षार 500 च्या आत आहेत तिथे आरओला बंदी घाला असं केंद्र सरकारला सांगितलं. आपल्या वस्तीचा आकडा त्याच्या वर आहे, म्हणून ती अडचण नाही. पण पाणी सोडायचं कुठे? शेजारच्या काळ्या रानात सोडलं तर जमीन चोपण होईल आणि पहिलं भांडण तिथेच सुरू होईल. भांडी विसळायला, संडासाला, घराच्या बांधकामाच्या चिखलाला ते चालतं. त्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळी तोटी पाहिजे. कोटेशनमध्ये ती नाही. मी दोनदा पाहिलं.

दुसरी गोष्ट. मेंब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून आधीच्या कोळशाच्या फिल्टरमध्ये ते काढून टाकतात. त्यामुळे तोटीतून येणाऱ्या पाण्यात पुढे जंतू शिरला तर त्याला मारणारं काहीच शिल्लक नसतं. यंत्रातून शुद्ध पाणी आलं, ते न घासलेल्या कळशीत पडलं, घरी गेल्यावर पोराने हात बुडवून तांब्या भरला, की आपले पैसे गेले. झाकणाचा हंडा आणि लांब दांड्याचं वगराळं, घरटी एकेक, ही यंत्राइतकीच महत्त्वाची खरेदी आहे. महिला मंडळाने हे काम घ्यावं असं मी सुचवतो. पण भाषण द्यायला जाऊ नका. वस्तीतल्या बायका आपल्याइतक्याच स्वच्छतेच्या आहेत, त्यांच्याकडे पाणी नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. मेंब्रेन वापरात राहिलं तर टिकतं. दिवाळीनंतर वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघून जातात ती थेट पाडव्याच्या सुमारास परततात. त्या काळात यंत्र कुलूप लावून ठेवलं तर आत शेवाळ, जंतू साठून मेंब्रेन खराब होतं. रोज थोडा वेळ तरी ते चालवावं लागतं, धुवावं लागतं. नाताळला फीत कापायची म्हणजे नेमकी वस्ती रिकामी असताना कापायची. फोटोत आपणच असू.

मग पैशाचं. वीस लिटरला पाच रुपये, हा दर सगळ्यांना योग्य वाटतो. साठ घरांनी रोज एकेक जार नेला तर दिवसाला 300, महिन्याला 9,000. वीज, फिल्टर बदलणं, चालवणाऱ्या बाईचं मानधन, पाण्याची तपासणी आणि पुढच्या मेंब्रेनसाठी बाजूला ठेवायची रक्कम, असा माझा हिशेब साधारण सात-साडेसात हजारांवर जातो. कागदावर भागतं. पण निम्मी घरं बाहेरगावी गेली की जमा 4,500 आणि खर्च जवळपास तेवढाच. शिवाय ज्या घरात रोज पाच रुपये सुटे नसतात तेच घर आजारी पडतं. म्हणून यंत्राच्या किमतीइतकीच दुसरी रक्कम, पहिल्या तीन वर्षांच्या तुटीसाठी, आपण आज वेगळी ठेवत असू तरच यंत्र मागवावं. देणगीदाराला यंत्रावर नाव लागलेलं आवडतं. कार्ट्रिजवर नाव लावता येत नाही, ही अडचण मला समजते.

रेल्वेने 2015 पासून स्टेशनांवर अशीच यंत्रं आणली. एका रुपयात 300 मिलिलिटर, पाच रुपयांत आपल्या बाटलीत एक लिटर. योजना उत्तम होती, गरीब प्रवाशाची सोय झाली. पण पुढे अनेक स्टेशनांवर ती बंद पडलेली, धूळ खात उभी असलेली आपण सर्वांनी पाहिली. पलीकडे कर्नाटकात तर गावोगावी सरकारने शुद्ध पाण्याची केंद्रं उभारली, दोन-पाच रुपयांत वीस लिटर. अक्कलकोट ओलांडून गेलं की दिसतात. काही छान चालतात, काहींच्या शटरवर गंज चढलाय. चालणाऱ्या केंद्रांवर मी चौकशी केली, तर किल्ली ज्याच्याकडे तो माणूस शंभर पावलांवर राहणारा होता.

तेव्हा किल्ली कोणाकडे? आणि यंत्र कुठे?

एक सूचना अशी आली आहे की यंत्र गावच्या चौकात बसवावं. तिथे वीज आहे, रस्ता आहे, गावाचाही फायदा होईल, वस्तीवाल्यांनी तिथून न्यावं. यंत्र जात विचारत नाही, असं एक बंधू म्हणाले. खरं आहे, यंत्र विचारत नाही. यंत्रापाशी रांगेत उभे असलेले विचारतात. 1868 साली जोतीराव फुल्यांनी अस्पृश्यांसाठी हौद खुला केला तो स्वतःच्या घरचा. 1927 साली महाडला चवदार तळं नगरपालिकेने कागदावर खुलं केलेलं होतंच, तरी पाण्याला हात लावायला बाबासाहेबांना लोक घेऊन जावं लागलं आणि लोकांना मार खावा लागला. पाणी सर्वांचं आहे असा ठराव आणि पाणी भरलेली घागर यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. यंत्र वस्तीवर बसवावं, गावाला पाहिजे असेल तर गावाने तिथे यावं.

वस्तीवर बसवायचं तर वीज पाहिजे, मीटरला जागेचा कागद पाहिजे, आणि गायरानातल्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाही. म्हणजे ना-हरकत दाखल्यासाठी ग्रामपंचायतीकडे जावंच लागणार. जाऊ या. आणि जाताना दुसरा अर्जही घेऊन जाऊ या, नळाचा. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. त्यात ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी असं ठरलं आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर झाले. आपलं यंत्र देणार वीस. ते पिण्याला आणि भाकरी-कालवणाला पुरेल. आंघोळ, धुणं, बाळंतिणीचं पाणी, हे कुठून? ‘त्यांना मिशनवाल्यांनी यंत्र दिलंय की’ असं उद्या ग्रामपंचायतीत कोणी म्हणालं आणि नळाची फाईल मागे सरली, तर आपल्या दानाने त्यांचं नुकसान होईल. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वस्तीतली एक तरी बाई त्या समितीत बसली पाहिजे. हे काम यंत्र बसवण्यापेक्षा अवघड आहे. यात फोटो नाही, हार नाहीत, ग्रामसभेत दोन तास खाली बसावं लागतं.

आता कार्डाचा विषय. यंत्रवाल्यांचा आग्रह आहे की नाण्याऐवजी कार्ड ठेवा. प्रत्येक घराच्या नावाने कार्ड, कोणी कधी किती पाणी घेतलं ते सगळं मोबाईलवर दिसेल. आपल्या कमिटीला हे आवडलं, हिशेब चोख राहतो. मी ते वस्तीवर जाऊन सांगितलं. एक म्हातारी आजी होत्या, कानाने कमी ऐकणाऱ्या. सुनेने त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे पुन्हा हजेरी का, साहेब?”

ज्या तरुणांना हे कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 1871 साली इंग्रजांनी कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पुढे आपल्या मुंबई इलाख्यातल्या पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींनाही तो लागू झाला. सोलापुरात तारेचं कुंपण घातलेली मोठी वसाहत झाली. आजही आपण त्या भागाला सेटलमेंट म्हणतो, सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतो, रिक्षावाल्याला तोच पत्ता सांगतो. कुंपणाच्या आतल्या माणसाने दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. गिरण्यांना मजूर मिळाले. आणि हेही बोललं पाहिजे की त्या काळात अशा वसाहतींच्या कारभारात मिशनची माणसंही होती. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, कळवळ्याने काम केलं. पण हजेरीचं पुस्तकही त्या कारभाराचाच भाग होतं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. पारधी माणसाला चौकीवर बोलावणं मात्र त्या तारखेला थांबलं नाही, हे आपल्यापैकी जे जामिनाला धावले आहेत त्यांना ठाऊक आहे.

तेव्हा कार्ड नको. ‘अमुक रात्री अमुक घराने पाणी घेतलं नाही, म्हणजे माणूस घरी नव्हता’ असा कागद आपल्या यंत्रातून कधीही निघता कामा नये. नाणं बरं. नाण्याला नाव नसतं. त्यात कटकट आहे, पाच रुपयांची नाणी दोन-तीन प्रकारची आहेत, जाड-बारीक, यंत्र काही घेतं काही थुंकतं, पोरं लोखंडी वॉशर टाकून बघणार, ते आपण धरून चालू. चार वॉशर सापडले म्हणून कोणी ‘बघा, शेवटी यांची सवय’ असं म्हणू नये, एवढंच आधी ठरवू या. शहरातल्या नाण्याच्या फोनमध्ये आपल्याही भावांनी वॉशर टाकलेले मला आठवतात.

किल्ली वस्तीतल्या बचत गटाकडे असावी. चालवायला वस्तीतलीच बाई, मानधन देऊन, फुकट सेवा म्हणून नाही. दर त्यांनी ठरवावा. ज्या घराला जमत नाही त्याला त्या आठवड्यात तसंच पाणी द्यायचं का, हेही त्यांनीच ठरवावं. त्यांना एकमेकींची चूल माहीत आहे, आपल्याला माहीत नाही. आपल्याकडे फक्त तुटीची रक्कम आणि तीन महिन्यांनी पाण्याची तपासणी राहील.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरी आहेत. त्याच्या माणसांनी विहीर खणली की तिथले गुराखी यायचे, पाणी आमचं म्हणायचे. त्याने ती सोडली, दुसरी खणली, तिच्यावरही भांडण. तेव्हा तो तिथून निघाला, तिसरी खणली, तिच्यावर कोणी भांडलं नाही, आणि तिचं नाव त्याने रहोबोथ ठेवलं, म्हणजे मोकळी जागा. आपण हा भाग इसहाकाच्या सहनशीलतेसाठी वाचतो. मी यंदा वस्तीवरून आल्यावर वाचला तेव्हा मला दिसलं की प्रत्येक वेळी उठून जावं लागलं ते इसहाकाला. पारधी माणूस पिढ्यान्‌पिढ्या उठून जातो आहे. या विहिरीवरून त्याला पुन्हा उठावं लागू नये, यासाठी जागेचा कागद, मीटर, समितीतली बाई, हे सगळं मी इतकं ताणून सांगतो आहे.

माझं म्हणणं कमिटीपुढे असं आहे. आज रक्कम मंजूर करा, पण यंत्राची ऑर्डर देऊ नका. मेडिक्लोर आणि झाकणाचे हंडे या आठवड्यात पोचवा. पाण्याचा अहवाल येऊ द्या. ग्रामपंचायतीत दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. पाडव्याला माणसं परत आली की वस्तीवर बसून, त्यांच्याशी बोलून, यंत्र केवढं आणि कुठे ते ठरवू. फीत कापायची असेल तर त्या आजींनी कापावी, त्यांना हवी असेल तर.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणावी लागते, घरची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत पोचवायचा असतो. मी बाटल्या आणल्या आहेत. येत्या मंगळवारी सकाळी सहाला वस्तीवरून नमुने घेऊन निघायचं आहे. माझ्याने आता गाडी चालवणं होत नाही, तेव्हा तरुण संघातल्या ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे अशा दोघांनी चहाच्या वेळी मला भेटावं. बर्फाचा डबा पाळकसाहेबांकडे आहे.